वेताळ नांवाचे तिघे

पनवेलजवळ नावडे म्हणून एक गांव आहे. दिवा-पनवेल लोहमार्गावर त्या गांवासाठीं जें स्टेशन झालें, त्याचें नांव 'नावडे रोड' ठेवण्यांत आलें. पुढें सिडकोनें शेजारीं नवी वसाहत वसविली. तिलाही नावडे असेंच म्हणतात. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि हा सर्व टापू तिच्या हद्दींत गेला. नांव एक आणि स्थळें तीन. तरीसुद्धां बोलणाराला अडचण पडत नाहीं. 'गांवांत', 'स्टेशनावर', 'वसाहतींत' एवढा एक शब्द पुढें जोडला कीं काम भागतें.

मराठी माणसाला ही रीत नवी नाहीं. आजोबाचें नांव नातवाला ठेवण्याचा प्रघात ज्या समाजांत शतकानुशतकें चालत आला, त्या समाजाला नामसादृश्याचा बाऊ कसा वाटावा? पेशव्यांच्या एका घराण्यांत दोन बाजीराव झाले आणि दोन माधवराव झाले. लोकांनीं एकाला थोरले म्हटलें, एकाला दुसरे म्हटलें, एकाला सवाई म्हटलें आणि इतिहास निर्वेधपणें पुढें चालू ठेविला. पालखेडचा विजय आणि पुण्याहून झालेलें पलायन हीं दोन्हीं बाजीरावाचींच कृत्यें. पण तीं एकाच्याच खातीं कोणी मांडीत नाहीं.

हाडामांसाच्या माणसांची गोष्ट अशी सोपी आहे. त्यांना जन्मतिथि असते, मृत्युतिथि असते, आईबाप असतात. कल्पनेनें निर्माण केलेल्या पात्रांना ह्यांपैकीं कांहींच नसतें. त्यांची सारी मिळकत म्हणजे त्यांचें नांव. म्हणून दोन कल्पित पात्रें एकाच नांवानें वावरूं लागलीं, म्हणजे तें नांव कोणाचें, हा प्रश्न उभा राहतो. विसाव्या शतकांत हा प्रश्न सर्वांत अधिक कोठें उपस्थित झाला असेल तर तो चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांना सर्वत्र कॉमिक्स म्हणतात त्यांच्या, सृष्टींत.

अमेरिकेंतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४० सालीं फॉसेट कंपनीच्या 'व्हिझ कॉमिक्स'मध्यें कॅप्टन मार्व्हल नांवाचा वीर अवतरला. बिली बॅटसन नांवाचा, रेडिओवर बातम्या सांगणारा एक मुलगा 'शझॅम' हा शब्द उच्चारी आणि विजेच्या लोळाबरोबर प्रचंड बलवान् पुरुष होई. सुपरमॅनच्या मालकांनीं, ही आमच्या वीराची नक्कल आहे म्हणून १९४१ सालीं फिर्याद लावली. तें प्रकरण बारा वर्षें रेंगाळलें आणि अखेर १९५३ सालीं फॉसेट कंपनीनें तडजोड करून आपला वीर मागें घेतला. नांव मोकळें पडलें. १९६६ सालीं एका लहानशा प्रकाशकानें त्याच नांवाचा एक यंत्रमानव काढला. ठराविक शब्द तोंडांतून निघतांच ह्याचे हातपाय धडापासून सुटे होऊन उडत. तो फार दिवस टिकला नाहीं, आणि टिकावा असाही तो नव्हता. पुढच्याच वर्षीं मार्व्हल कंपनीनें, हें तर आमचेंच आडनांव अशा थाटांत, तें नांव उचललें आणि परग्रहावरून आलेल्या एका योद्ध्याला दिलें. परिणाम असा झाला कीं, १९७३ सालीं पहिला कॅप्टन मार्व्हल सुपरमॅनच्याच प्रकाशकांकडून पुन्हां निघूं लागला, तेव्हां त्याला स्वतःच्या अंकाच्या मथळ्यांत स्वतःचें नांव मिरवितां येईना. तो अंक 'शझॅम' ह्या मथळ्याखालीं काढावा लागला. ज्याचें नांव अगोदरचें त्यालाच तें वर्ज्य! व्यापारी चिन्हांच्या कायद्याला वडीलकी कळत नाहीं. नांव सध्यां कोण वापरतो एवढेंच तो पाहतो.

महाराष्ट्रांतही चित्रकथेच्या पानावर एका नांवाचीं पात्रें आलीं. तें प्रकरण न्यायालयांत गेलें नाहीं. त्याची कोणी तक्रारसुद्धां केली नाहीं. तें नांव म्हणजे वेताळ.

ली फॉक ह्या अमेरिकन लेखकानें १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं वृत्तपत्रांतून 'फँटम' ही चित्रमालिका सुरू केली. आरंभींचीं चित्रें रे मूर ह्याचीं होतीं. फँटम म्हणजे पिशाच्च, छायापुरुष. कथा अशी कीं, १५३६ सालीं चांच्यांनीं भर समुद्रांत एक जहाज लुटलें. कप्तानाचा मुलगा तेवढा वांचून किनाऱ्याला लागला. बुटक्या बांडार लोकांनीं त्याला आश्रय दिला. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातीं घेऊन त्या मुलानें शपथ घेतली, कीं चांचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय ह्यांचा नाश करण्यांत मी आणि माझे वंशज आयुष्य वेंचूं. तेव्हांपासून बाप मेला कीं मुलगा तोच घट्ट पोषाख चढवितो, तोच मुखवटा लावितो, कवटीच्या आकाराच्या त्याच गुहेंत राहतो. अरण्यांतील लोकांना वाटतें कीं हा एकच पुरुष चार शतकें जिवंत आहे. वाचकाला मात्र ठाऊक असतें कीं हा एकविसावा आहे. एकवीस माणसें, एक नांव. आणि त्या नांवाचें सामर्थ्य एवढ्यावरच उभें, कीं मोजणाराला एकच दिसावा. नामसादृश्य हा ह्या कथेंत योगायोग नसून तोच तिचा पाया आहे.

ह्या वंशाचें खरें आडनांव वॉकर. शहरांत जावयाचें झालें म्हणजे हा वीर लांब कोट आणि काळा चष्मा घालून वॉकर ह्या नांवानेंच वावरतो. वॉकर म्हणजे चालणारा. अरण्यांतील लोकही त्याला चालतें भूत ह्याच अर्थाच्या नांवानें ओळखतात. ह्या एका गोष्टीकडे पुन्हां यावें लागेल.

हिंदुस्थानांत इंग्रजी वाचणाऱ्या घरांत हा वीर साप्ताहिकांच्या पानांतून अगोदरच येऊन पोहोंचला होता. परंतु मुलांच्या हातीं त्याचें सबंध पुस्तक पडलें तें मार्च १९६४ पासून. त्या महिन्यांत टाइम्स ऑफ इंडिया पत्राच्या चालकांनीं मुंबईंत 'इंद्रजाल कॉमिक्स' ही मालिका सुरू केली. पुढें १९६७ सालीं 'अमर चित्र कथा' काढणारे अनंत पै ह्यांचाही ह्या आरंभाशीं संबंध होता. पहिले बत्तीस अंक सगळेच्या सगळे फँटमचे निघाले. जादूगार मँड्रेक वगैरे मंडळी नंतर आली. इंग्रजीमागोमाग ही मालिका हिंदी, मराठी इत्यादि भाषांतही निघूं लागली आणि तेथें नांवाचा प्रश्न आला. मँड्रेकला मँड्रेक ठेवून भागलें. फँटम हें मात्र विशेषनाम असूनही अर्थ सांगणारें नांव. तें भाषांतर मागत होतें. हिंदींत त्याचा वेताल झाला आणि मराठींत वेताळ.

आपल्याकडील संपादकांनीं आणखीही कांहीं नांवें बदललीं होतीं. ली फॉकनें आरंभीं ह्या वीराचें अरण्य हिंदी महासागराच्या बाजूला, बंगालच्या नांवाशीं मिळत्याजुळत्या नांवाच्या देशांत कल्पिलें होतें. कालांतरानें तो देश आफ्रिकेंत सरकला. भारतीय आवृत्तींत त्याचें 'डेंकाली' करण्यांत आलें. मूळ कथेंतील चांचे 'सिंग' नांवाचे. ते इकडे 'सिंगा' झाले. ह्या बदलांचें कारण उघड आहे. बंगाल म्हणजे आपला प्रांत, आणि सिंग हें आपल्या शेजाऱ्यांचें नांव. तें दरवडेखोरांना कोण लावूं देईल? थोडक्यांत, जीं नांवें आपल्यापैकीं कोणाची तरी होतीं तीं काळजीपूर्वक काढून टाकण्यांत आलीं. आणि त्याच लेखणीनें वीराला मात्र, जें शेंकडों गांवांच्या देवाचें आहे असें नांव दिलें. ही विसंगति कीं सूक्ष्म दृष्टि? उत्तर देण्यापूर्वीं पहिले दोन वेताळ कोण, हें पाहिलें पाहिजे.

पुस्तकी वेताळ शहरांतील वाचकाला अधिक परिचित आहे. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनार्थ 'कथासरित्सागर' रचला. त्याच्या बाराव्या लंबकांत वेताळाच्या कथा येतात. महाराष्ट्राच्या दृष्टीनें त्यांतील लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं त्या कथांचा राजा उज्जयिनीचा नाहीं. तो गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा, आणि त्याचें नांव त्रिविक्रमसेन. क्षांतिशील नांवाचा एक भिक्षु रोज दरबारांत येऊन राजाला एक फळ देई. राजा तें न पाहतां कोठारांत टाकावयास सांगे. असें दहा वर्षें चाललें. एके दिवशीं एका माकडानें तें फळ फोडलें आणि आंतून अमूल्य रत्न निघालें. कोठारांत पाहावें तों कुजलेल्या फळांमधून रत्नांची रास पडलेली. ह्या उपकाराच्या ओझ्याखालीं राजानें भिक्षूचें काम पत्करलें: कृष्ण चतुर्दशीच्या रात्रीं स्मशानांत येऊन, दक्षिणेकडील शिंशपा वृक्षाला लटकणारें प्रेत खांद्यावर आणावयाचें. त्या प्रेतांत वेताळ संचरलेला. तो वाटेंत गोष्ट सांगतो, शेवटीं पेंच घालतो, राजा न्याय देतो, राजाचें मौन मोडतें आणि वेताळ पुन्हां झाडावर. चोवीसाव्या गोष्टीच्या पेंचाला राजाजवळ उत्तर नसतें. तो गप्प राहतो, आणि त्या मौनावर प्रसन्न होऊन वेताळच त्याला भिक्षूचें कपट उघड करून सांगतो.

मग हा त्रिविक्रमसेन विक्रम केव्हां झाला? येथेंही नांवाचाच खेळ आहे. विक्रमादित्य हें नांव पुढें पदवी बनलें. गुप्त घराण्यांतील दुसऱ्या चंद्रगुप्तानें तें घेतलें. बादामीच्या आणि कल्याणीच्या चालुक्यांत त्या नांवाचे राजे एकामागून एक झाले, आणि त्यांपैकीं सहाव्यानें तर १०७६ सालीं स्वतःचा शकही चालू केला. अशा गाजलेल्या नांवाला अर्धें मिळतें नांव ज्याचें, तो पैठणचा राजा निराळा कसा राहावा? लोककथेनें त्याचा 'त्रि' आणि 'सेन' गाळून टाकला, त्याला उज्जयिनीच्या सिंहासनावर बसविलें, आणि पैठण आपल्या राजाला मुकलें. मोठें नांव लहान नांवाला गिळतें, तें असें.

ह्या कथा मराठी छापखान्यांत फार लौकर आल्या. 'बाळमित्र'कार सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांची 'वेताळपंचविशी' १८३० सालीं प्रसिद्ध झाली. मराठी गद्य तेव्हां नुकतें रांगूं लागलें होतें. १८७० सालीं रिचर्ड बर्टननें ह्याच कथांपैकीं कांहीं इंग्रजींत उतरविल्या, आणि वेताळाला युरोपांतील रक्तशोषक पिशाच्चाचें नांव दिलें. आपला वेताळ कोणाच्या गळ्याला तोंड लावीत नाहीं. तो फार तर डोकें पिकवितो. परंतु बर्टनसाहेबांना आपल्या वाचकांच्या ओळखीचें एक नांव हवें होतें. पुढें शंभर वर्षांनीं मुंबईंतील भाषांतरकारानें हाच व्यवहार उलट दिशेनें केला, असें म्हणतां येईल.

नंतरच्या पिढ्यांच्या मनांत हा वेताळ बसविला तो 'चांदोबा'नें. मद्रासेंत १९४७ सालीं सुरू झालेल्या 'चंदामामा'ची ही मराठी आवृत्ति १९५२ पासून निघूं लागली. तिच्या अंकांतून विक्रम-वेताळाची गोष्ट येई. पंचवीस गोष्टी पुरून पुरून किती पुरणार? त्या संपल्यावर नव्या रचल्या गेल्या, आणि वेताळ वर्षानुवर्षें बोलत राहिला. शंकर ह्या चित्रकारानें काढलेलें चित्र, हातीं तलवार घेतलेला राजा आणि त्याच्या खांद्यावर पांढुरकें प्रेत, हें ज्यानें एकदां पाहिलें तो तें विसरला नाहीं. शंकर हे २०२० सालीं निवर्तले. १९८५ सालीं दूरदर्शनवर हीच जोडी हिंदींत आली.

आतां तिसरा वेताळ, जो वास्तविक पहिला आहे.

हा पुस्तकांत राहत नाहीं. पुण्यांतील सर्वांत उंच टेकडीच्या माथ्यावर ह्याचें ठाणें आहे, म्हणून ती वेताळ टेकडी. दक्षिण कोंकणांत आणि गोमंतकांत तर हा ग्रामदेवच आहे. गोव्यांत आमोणें, लोलयें, पैंगीण येथें ह्याचीं स्थानें आहेत. लोलयेंची उभी पाषाणमूर्ति पाहणाराला दचकवील अशी आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं आपल्या ताब्यांतील मुलुखांत देवळें मोडण्याचा सपाटा चालविला. १५६७ सालीं साष्टींतील देवळें त्यांत गेलीं. लोलयें-पैंगीणचा काणकोणचा भाग त्यांच्या हातीं अठराव्या शतकांत गेला, तोंपर्यंत तो आवेश ओसरला होता. म्हणून तेथले वेताळ उभे राहिले. चित्रकथेंतील पहिल्या वीरानें शपथ घेतली तें कल्पित साल १५३६. त्याच शतकांत पश्चिम किनाऱ्यावर समुद्रांतून आलेल्या गोऱ्या माणसांचें खरें वर्तन कसें होतें, हें ह्या दोन आंकड्यांवरून ध्यानांत यावें.

वेंगुर्लें तालुक्यांतील आरवली येथला वेताळ 'वेतोबा' ह्या प्रेमाच्या नांवानें ओळखला जातो. कादंबरीकार जयवंत दळवी ह्याच गांवचे. देवाची उभी मूर्ति माणसाहून पुष्कळ उंच. पूर्वीं ती फणसाच्या लांकडाची होती, आतां पंचधातूची आहे. नवस फेडणारे लोक वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. नेहमींच्या पायाला न बसणाऱ्या, वेतोबाच्याच मापाच्या अशा त्या चपला. कारण श्रद्धा अशी आहे कीं, देव रात्रीं गांवाच्या शिवेवरून फेरी घालतो. त्या फेरीनें चपला झिजतात, म्हणून नव्या द्याव्या लागतात. अनेक देवांना फुलें लागतात, दागिने लागतात, नैवेद्य लागतो. ह्या देवाला पायतण लागतें. त्याचें काम बसून राहण्याचें नाहीं, चालण्याचें आहे.

शहरी वाचक वेताळाला भुतांचा राजा म्हणून ओळखतो, आणि तें चूक नाहीं. परंतु गांवकऱ्याच्या मनांत त्या राजेपणाचा अर्थ वेगळा आहे. भुतांवर ज्याचा अंमल चालतो तोच भुतांना गांवाबाहेर ठेवूं शकतो. म्हणून तो भय घालणारा असूनही राखणदार आहे. ज्याच्या मनांत काळें नाहीं त्यानें त्याला भिण्याचें कारण नाहीं. चोरानें मात्र रात्रीं शीव ओलांडतांना विचार करावा.

हें ऐकल्यावर चित्रकथेंतील वीराकडे पुन्हां पाहावें. तो अरण्याच्या सीमेंत राहून अरण्य राखतो. दुष्ट लोक त्याला भूत समजून भितात आणि अरण्यवासी त्याच्या भरंवशावर निश्चिंत झोंपतात. तो मरत नाहीं असा समज आहे. आणि त्याचें आडनांवच चालणारा. झाडाला उलटें लटकून कोडीं घालणाऱ्या पुस्तकी वेताळाशीं त्याचें काय साम्य आहे? कांहींच नाहीं. आरवलीच्या वेतोबाशीं मात्र तो पावलापावलाला जुळतो. न्यूयॉर्कमध्यें बसून मालिका लिहिणाऱ्या ली फॉकच्या कानावर वेंगुर्ल्याची वार्ता असणें शक्य नाहीं. बहुधा भाषांतरकाराच्या डोळ्यांसमोरही पंचविशींतलाच वेताळ असावा. हिंदींतील वाचकाला तर तोच ठाऊक. परंतु मराठींत येतांच त्या नांवाला खालून दुसरा, अधिक जुना नाद मिळाला. ज्या घरांतील आजी मूळची मालवणाकडची किंवा पेडण्याकडची असेल, तेथें नातवाच्या हातांतील पुस्तकावर वेताळ हें नांव पाहून तिला काय वाटलें असेल, ह्याची कल्पना करावी. तिचा देव आणि नातवाचा वीर एकाच कामावर होते.

एका प्रसिद्ध बंगाली दैनिकानें ह्याच वीराला 'अरण्यदेव' असें नांव दिलें. नांव सुंदर आहे, कानाला गोड आहे. पण तें नव्यानें घडविलेलें आहे. अरण्यदेवापाशीं स्वतःचें देऊळ नाहीं, नवस नाहीं, चपला नाहींत. बंगाली मुलाला अरण्यदेव जसा भेटला तसाच्या तसा त्यानें घेतला. मराठी मुलाला मात्र वेताळ भेटला तो आधींच्या दोन वेताळांचें सामान घेऊन.

आतां दुसरी बाजू. ह्या चित्रकथेंत एक गोरा पुरुष काळ्या-सांवळ्या लोकांच्या अरण्यांत पिढ्यान्पिढ्या सर्वाधिकारी होऊन बसला आहे. तो न्यायी आहे, निर्लोभ आहे, हें खरें. पण त्याला कोणी निवडलेला नाहीं, आणि त्याच्यावांचून त्या लोकांचें चालत नाहीं असें कथेंत गृहीत धरलेलें आहे. १९३६ सालच्या जगाची ही समजूत होती. ती कथा स्वतंत्र भारतांतल्या मुलांनीं आवडीनें वाचली. त्यांना तींत परक्याचें राज्य दिसलें नाहीं. का दिसलें नाहीं? एक कारण मुखवटा. मुखवट्याआडचा माणूस कोणत्या रंगाचा आहे हें मूल विचारीत नाहीं. दुसरें, आणि अधिक बलवत्तर, कारण नांव. वेताळ म्हटल्यावर तो आपलाच झाला. गांवच्या राखणदाराला कोणी निवडून देत नाहीं, तो असतोच. साहेबाच्या सत्तेला जें समर्थन कोणत्याही युक्तिवादानें मिळालें नसतें तें एका देवाच्या नांवानें सहज मिळालें. 'सिंग'चा 'सिंगा' करणाऱ्या संपादकांना चांच्यांचें नांव जाचलें. राजाचें नांव जाचलें नाहीं. येथें भाषांतरकाराला दोष द्यावा कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद होतील. त्यानें जाणूनबुजून कांहीं केलें असें म्हणतां येत नाहीं. पण उसनें दिलेलें नांव वीराला जितकें शोभलें तितकेंच तें त्याला झांकीतही होतें, हें नाकारून चालणार नाहीं.

देवाच्या नांवाची विटंबना झाली, असाही आक्षेप घेतां येईल. परंतु तो घेणारांनीं शहरी सुशिक्षितांनीं ह्या देवाला स्वतः कोणती वागणूक दिली तें आधीं पाहावें. पुण्यांत वेताळाच्या देवळावरून वेताळपेठ नांवाची एक पेठ होती. तिला आज गुरुवार पेठ म्हणतात. इतर पेठांना वार मिळाले तसा हिलाही मिळाला, एवढेंच कदाचित् त्याचें कारण असेल. तरी भुतांच्या राजाचें नांव पत्त्यावर लिहावयाचें नाहीं ही सुटका कित्येकांना गोड वाटली असणार. पेठेवरून उतरलेलें तें नांव पुढें पुस्तकांच्या दुकानांत, रेल्वेच्या फलाटावर, मोठ्या ठळक रंगीत अक्षरांत झळकूं लागलें. कर्त्या माणसांनीं टाकलेलें मुलांनीं उचललें.

आणि मुलांचा गोंधळ झाला काय? मुळींच नाहीं. एकाच फळीवर 'चांदोबा' आणि 'इंद्रजाल' शेजारीं शेजारीं पडलेले असत. एकांत वेताळ राजाच्या पाठीवर बसे, दुसऱ्यांत हीरो नांवाच्या पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर. आठ वर्षांच्या मुलालाही कोणता कोण हें सांगावें लागत नसे. 'विक्रमचा वेताळ' आणि 'कवटीवाला वेताळ' एवढी खूण पुरे. बाजीरावांच्या बाबतींत वडिलांनीं जी युक्ति केली तीच ही. अमेरिकेंत ज्या नांवासाठीं वकिलांनीं वर्षानुवर्षें फी घेतली, तसल्या नांवाचा निकाल येथें घरच्या ओसरीवर फुकट लागला. मात्र एक गोष्ट ह्या सोयीच्या वांटणींतून निसटली. मुलांच्या हिशेबांत वेताळ दोनच राहिले. तिसरा, शिवेवरचा, पुस्तकांत नसल्यामुळें मोजण्यांत आला नाहीं. मुंबई-पुण्यांत वाढलेल्या पुष्कळांना वेताळ टेकडीवर फिरावयास जातांना त्या माथ्यावर देव आहे हें ठाऊक असतें. तो रात्रीं चालतो हें ठाऊक नसतें.

'इंद्रजाल कॉमिक्स' १९९० सालीं बंद पडलें. तोंपर्यंत त्याचे आठशेंवर अंक निघाले होते. चित्रकथेंतला वीर त्यापूर्वींच संसारांत पडला होता; १९७७ सालीं त्याचें डायना पामर हिच्याशीं लग्न झालें आणि १९७९ सालीं जुळीं मुलें झालीं, म्हणजे बाविसाव्याची सोय झाली. ली फॉक १९९९ सालीं वारला. 'चंदामामा' २०१३ च्या सुमारास थांबला, त्याबरोबर त्यांतला वेताळही बोलावयाचा थांबला. जुने अंक आतां शौकीन लोक जपून ठेवतात आणि चढ्या किमतीला विकतात.

आरवलीला मात्र चपला अजून वाहिल्या जातात. केळ्यांचे घड येतात, नवस फिटतात, आणि देवळांत वेतोबाच्या मापाचे नवे जोड जुन्यांच्या शेजारीं येऊन पडतात.